नोटेची बुजवलेली भोकं

चन्नबसप्पाला एका जागी बसवत नसे. जेवताना तो दोनदा उठायचा. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस वैतागून दुसरा पाट बघायचा. फक्त छापखान्यातल्या दगडापुढं बसला की त्याचं अंग थाऱ्यावर यायचं. लातूरच्या गंजात, म्हणजे व्यापारपेठेत, एक शिळाछापखाना होता. तिथं घासून गुळगुळीत केलेल्या दगडावर तो उलटी अक्षरं काढायचा, म्हणजे कागदावर ती सुलट उमटत. उर्दू, मराठी, आणि कापसाच्या गाठींवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांसाठी इंग्रजीसुद्धा. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण अक्षराचं वळण एकदा बघितलं की हातात बसायचं.

या चिठ्ठ्यांपायीच त्याची कापूस कंपनीच्या साहेबाशी ओळख झाली. साहेब गोरा होता, पण इंग्रज नव्हता. लातूरला यायच्या आधी तो बारा वर्षं ब्राझील नावाच्या मुलखात कापूस पारखत होता. युरोपात लढाई पेटली आणि त्याला परत बोलावणं आलं. जाताना तो बिस्किटांचा एक चपटा डबा घेऊन छापखान्यात आला. डब्यात तिकडच्या जुन्या नोटा होत्या. ब्राझीलच्या, पेरूच्या, अर्जेंटिनाच्या. त्या भागातल्या सहा-सात देशांच्या एकूण सव्वीस.

"बाजारात यांना कुणी विचारणार नाही," साहेब मोडक्या हिंदीत म्हणाला. "पण तुला रेघा आवडतात. रेघा बघ."

चन्नबसप्पानं भिंग लावलं आणि त्या दिवशी दुपारचं जेवण राहिलं. एका रेघेत दुसरी गुंतलेली, तिच्यात तिसरी, आणि कुठंच शेवट नाही. पेरूच्या नोटेवर एक बाई बसली होती, तिच्या पदराच्या सावलीत त्यानं साठ रेघा मोजल्या. आपण आयुष्यभर जे करतो ते असं पण करता येतं, हे त्याला आजवर ठाऊकच नव्हतं. तेव्हापासून दगडापुढं बसूनही त्याचं मन जागेवर राहीना.

सव्वीसातली एक नोट त्याला सारखी टोचायची. ती ब्राझीलची होती, कोरी करकरीत, बाकी सगळ्यांपेक्षा देखणी. पण तळाशी, सही असते त्या ठिकाणी, दोन गोल भोकं पाडलेली होती, आणि वरून तांबड्या शाईत कसलासा एक शब्द आडवा मारलेला. एवढ्या नाजूक कामाला कुणी भोसकावं, याचा त्याला राग यायचा. पाच वर्षं तो राग त्यानं सांभाळला. सहाव्या वर्षी भोकं बुजवायला घेतली.

एका फाटक्या नोटेच्या कडेच्या कोऱ्या कागदातून त्यानं दोन चकत्या कापल्या, त्यांच्या कडा पात्यानं खरवडून कांद्याच्या पापुद्र्याइतक्या पातळ केल्या, खळीनं चिकटवून दगडाखाली दाबून ठेवल्या. मग खारीच्या शेपटीच्या चार केसांच्या कुंचल्यानं तुटलेली प्रत्येक रेघ पुढच्या रेघेला जोडली. अकरा दिवस लागले. त्याची बायको पार्वतम्मा निलंग्याकडची, बोलायला मोजकी. तिनं नोट दिव्याला धरून बघितली, आडवी केली, बोट फिरवलं.

"कुठं व्हती भोकं?" तिनं विचारलं.

चन्नबसप्पा त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला.

पण या नोटांची किंमत काय, हे त्याला कळायला पाहिजे होतं. विकायच्या म्हणून नव्हे. आपण जे एवढं जपलं ते मोलाचं आहे की रद्दी, हा प्रश्न त्याला झोपू देईना. नांदेडला वसंतराव नावाचे भूगोलाचे मास्तर होते. त्यांच्या शाळेचे नकाशे चन्नबसप्पानं दगडावर काढून दिले होते. तो डबा घेऊन मोटारीनं चाकूर, अहमदपूर करत नांदेडला गेला.

वसंतरावांनी नकाशाचं पुस्तक उघडून एकेक देश दाखवला. ब्राझीलच्या नोटेपाशी ते थांबले.

"हा तांबडा शब्द माहीत आहे का तुम्हाला? नमुना असा अर्थ होतो. बँकेला दाखवायला काढलेली प्रत. ही चलनात कधी गेलीच नाही. म्हणून तर आकड्याच्या जागी नुसती शून्यं आहेत."

"म्हंजी खोटी हाय?"

"खोटी नव्हे. पण पैसाही नव्हे. मुंबईत फोर्टात एक पारशी व्यापारी असल्या गोष्टी घेतो म्हणतात. त्याला लिहून बघू."

मास्तरांनी त्याच्या वतीनं पत्र लिहिलं, प्रत्येक नोटेचं वर्णन देऊन. दीड महिन्यानं लातूरला उत्तर आलं. टपाल कचेरीतल्या मुन्शीनं ते वाचून दाखवलं. बाकीच्या नोटा चार-आठ आण्यांच्या. ब्राझीलचा नमुना मात्र बघायला आवडेल. सहीच्या जागी भोकं असतील तर पंचाहत्तर रुपये, निजामाचे हाली नव्हे, इंग्रजी. भोकं हीच त्याच्या खरेपणाची खूण असते.

चन्नबसप्पा कचेरीच्या पायरीवर बसला, उठला, परत बसला. मास्तरांनी भोकांबद्दल लिहिलं नव्हतं, कारण त्यांना ती दिसलीच नव्हती.

पुढचा महिनाभर घरात पार्वतम्माला एकच विषय ऐकावा लागला. बुजवलेलं परत टोकरावं का? टोकरलं तर कडांना खळ दिसेल. नाही टोकरलं तर खूण गेली. तो रात्री उठून डबा उघडायचा, सकाळी उपाशीच छापखान्यात जायचा. एकदा त्यानं मालकाचं नाव उलटं काढायच्या ऐवजी सुलटं काढलं, आणि दोनशे कागद वाया गेले.

शेवटी पार्वतम्मा म्हणाली, "जसं हाय तसं न्हेऊन दाखवा. हितं येड्यावाणी फिरून काय राहिलात."

तो छोट्या गाडीनं मुंबईला निघाला. सरहद्दीच्या स्टेशनावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, कारकून सामान तपासत होता. निजामाच्या मुलखातून काय बाहेर जातं आणि काय आत येतं, यावर तेव्हा बारीक नजर होती. डबा उघडताच कारकुनाचा चेहरा बदलला.

"ये किस मुल्क का पैसा है?"

"ब्राझील, साब. पेरू. जुनं हाय. चलत न्हाई."

कारकुनानं नमुना उचलून उजेडाकडं धरला. किती तरी वेळ धरला. चन्नबसप्पाला एक गोष्ट कळली, की कारकून बरोबर सहीच्या जागेकडं बघतोय आणि त्याला काही दिसत नाही. "जाव," कारकून म्हणाला.

फोर्टातलं दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. पारशी म्हातारा होता, जाड भिंग डोळ्यातच अडकवलेलं. त्यानं नोट काचेवर ठेवली. मागून बघितली. परत पुढून.

"हे तर भोकाशिवायचं हाय," तो हळूच म्हणाला. "सगळ्या नमुन्यांना भोकं मारतात. हा सुटला कसा? असा मी एक पण नाही पाहिला. दोनशे रुपये देतो."

दोनशे रुपये म्हणजे चन्नबसप्पाचा पाच-सहा महिन्यांचा पगार. तो पाणी पिऊन येतो म्हणून जिना उतरला. रस्त्यावर टांगे, ट्राम, माणसं. फुटपाथवर तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. चार वेळा असं झालं. दोनशे रुपयांपेक्षा त्याला दुसरंच काही तरी खात होतं. या म्हाताऱ्यानं उभं आयुष्य नोटा पारखण्यात घातलं, आणि त्याच्या भिंगाला आपला हात सापडला नव्हता. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला राहवणार नव्हतं. आणि सांगितलं की दोनशे गेले.

तो वर गेला. "भोकं व्हती. म्या बुजवली," म्हणाला.

म्हाताऱ्याचा विश्वास बसेना. चन्नबसप्पानं नखानं जागा दाखवली. मग म्हाताऱ्यानं टेबलाखालचा झगझगीत विजेचा दिवा लावून नोट काचेवर सरकवली, आणि दोन फिकट चकत्या उमटल्या. तो खुर्चीत मागं टेकला.

"मुंबईला रहायला ये," तो म्हणाला. "माझ्याकडे अशा पुष्कळ हायेत. फाटलेल्या, भोकाच्या. महिना साठ देतो. फक्त कुणाला सांगायचं नाही."

"न्हाई सांगितलं तर लोक फसतील की."

"लोकांना चांगली नोट पाहिजे असते. ती आपण देऊ."

चन्नबसप्पा दोन दिवस धर्मशाळेत येरझाऱ्या घालत राहिला. साठ रुपये, आणि आयुष्यभर त्या रेघांची सोबत. यापेक्षा जास्त त्यानं कधी मागितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो दुकानात गेला आणि नको म्हणाला. नमुना मात्र त्यानं तिथंच दिला, पंधरा रुपयांना, कारण घरी नेला असता तर तो त्याच्याकडं बघून वेडा झाला असता. अट एकच घातली. नोटेच्या पाकिटावर भोकं बुजवली आहेत असं लिहायचं. म्हाताऱ्यानं हसत लिहिलं आणि वर बोलिव्हिया, पराग्वेच्या फाटक्या नोटांचा एक गठ्ठा फुकट दिला.

गाडी कुर्डुवाडी सोडून निघाली तेव्हा त्याच्या मनात आलं, की पाकीट तर वेगळं असतं. काढून फेकलं की झालं.

घरी आल्यावर त्यानं मुन्शीकडून पत्र लिहवून घेतलं. नोट कुणी घेतली? त्याला सांगितलं का? उत्तर आलं नाही. दुसरं, तिसरं पत्र गेलं. मग अठ्ठेचाळीस साल लागलं, आणि लातुरात रझाकारांच्या भीतीनं माणसं घरं सोडायला लागली. छापखाना बंद पडला. चन्नबसप्पा आणि पार्वतम्मा सरहद्द ओलांडून बार्शीला एका ओळखीच्या आडत्याच्या वखारीत राहिले. तिनं पिठाची पिशवी आणि दोन पातेली आणली होती, त्यानं डबा. बार्शीत पाय ठेवल्यावर त्यानं आधी टपाल कचेरी शोधली. कार्ड लिहून देणारा कारकून म्हणाला, "घरदार सोडून आलात, आणि नोटेचं विचारताय?"

या वेळी उत्तर आलं. कलकत्त्याच्या एका शौकिनानं नोट नेली होती. पाकीट त्याच्या हातात दिलं होतं, बुजवल्याचं तोंडानंही सांगितलं होतं. त्यानं चाळीस रुपये मोजले, हे काम कुणाचं म्हणून विचारलं, आणि नाव लिहून नेलं. पुढं तो ती कुणाला काय म्हणून विकेल, ते मी सांगू शकत नाही, असं म्हाताऱ्यानं शेवटी लिहिलं होतं.

पार्वतम्मानं ते सगळं ऐकलं. "झालं न्हवं? तुमचं नाव कलकत्त्याला गेलं. आता तरी बसा निवांत."

"हाव," तो म्हणाला.

पोलीस ॲक्शननंतर ते लातूरला परतले. छापखाना परत उघडला नाही. त्याला जमिनीचे नकाशे उतरवायचं काम मिळालं. डब्यातल्या नोटा वाढत वाढत नव्वदावर गेल्या. आसपासची माणसं जुन्या नोटा, नाणी दाखवायला त्याच्याकडं यायला लागली, आणि फाटकी, सांधलेली जागा तो सगळ्यांत आधी दाखवायचा. पण बार्शीच्या त्या दिवशी, पार्वतम्मानं वाढलेल्या भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून, कलकत्त्याच्या त्या शौकिनाला कार्ड पोचायला किती दिवस लागतात याचाच तो हिशेब करत होता.