बोर्डाजवळचं स्टूल

मी शाळेत चित्रकला शिकवते. रंग हा माझा विषय. पाचवीच्या पोरांना पोपटी आणि शेवाळी यांतला फरक समजावून सांगताना माझा घसा बसतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात सगळ्यात जास्त फजिती माझीच आहे. अकरा वर्षं सासरी राहून मला जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

आमच्या घरात विजेच्या कामाला बाहेरचा माणूस बोलवायची पद्धत नव्हती. ते काम आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. आबा रिटायर होईपर्यंत पोलोग्राउंड भागातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते, पण जीव सगळा बटनं, प्लग आणि वायरींत. जुन्या मोहल्ल्यात कुणाचा कूलर बंद पडला, कुणाचं बटन ठिणग्या टाकायला लागलं की पहिली हाक आबांना. ते पिशवी उचलून निघायचे आणि परत यायचे ते मान ताठ करून. सासरचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, त्यांची एक बोथट तलवार घरात आहे. खंडेनवमीला पाटावर ती तलवार मांडली जाते आणि तिच्या शेजारी आबांची पक्कड. नवऱ्याच्या लॅपटॉपला आणि माझ्या ब्रशांना तिच्यानंतर जागा मिळते.

आबा बोर्ड उघडून बसले की सासूबाई शेजारी स्टुलावर बसायच्या. आम्ही त्यांना आई म्हणतो. त्यांच्या हातात मेथी असायची, नाहीतर लसूण, हिवाळ्यात मटार. बोलावणं शेजारच्या घरचं असलं तरी आई मटारची पिशवी घेऊन सोबत. दोघांची आपली हळू आवाजात कुजबुज चाललेली. मी चिडवायची, "आबा, एकट्याला भीती वाटते का?" आबा म्हणायचे, "गप्पा मारत काम चांगलं होतं, बेटा." मला ते फार गोड वाटायचं. माझा नवरा मी भाजी चिरत असताना कधी शेजारी येऊन बसलेला मला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही शहराबाहेर राऊला नवीन घरात राहायला आलो. घर सुंदर, फक्त ओट्यावर मिक्सर लावायला प्लगच नव्हता. भिंतीत डबी होती, तिच्यातून तीन वायरी डोकावत होत्या, वर नुसतं झाकण. मी म्हटलं, बिल्डरच्या माणसाला फोन करू. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पूर्वजांच्या तलवारीनं कांदा चिरायला निघाले आहे.

रविवारी सकाळी, पोहे-जलेबी झाल्यावर, काम सुरू झालं. आबांनी मेन बंद केलं. मग टेस्टर लावून पाहिलं. मग तोच टेस्टर नेऊन शेजारच्या घराच्या चालू प्लगात पाहिला, तो दगा तर देत नाही ना म्हणून. एवढं झाल्याशिवाय ते वायरीला बोट लावत नाहीत. आई स्टुलावर बसल्या, मांडीवर मेथीची परात. अर्ध्या तासात प्लग बसला. मेन चालू केलं, मी मिक्सरमध्ये शेंगदाणे घातले, बटन दाबलं आणि अख्ख्या घराची लाइट गेली.

नवीन घरात मेनजवळ ते एक बटन असतं ना, वीज चुकीच्या वाटेनं निघाली की सगळं बंद करून टाकणारं, ते पडलं होतं. आबांनी ते उचललं. मी मिक्सर लावला. पुन्हा सगळं बंद. वरच्या खोलीतून नवरा ओरडला, "लाइट गेली का यार? माझी मीटिंग चालू आहे!"

"मिक्सर खराब आहे," आबा म्हणाले.

मिक्सर हॉलमधल्या प्लगात लावला. तिथे तो मजेत गुरगुरला.

"मग बटनच फालतू आहे. आजकालचा माल!"

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हटलं. मनातच म्हटलं, ही त्या दिवशीची माझी पहिली कमाई, कारण एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

आबांनी पुन्हा मेन बंद करून पेचकसानं स्क्रू काढले, प्लग उघडला, वायरी सोडल्या. नवरा खाली आला आणि दारातून म्हणाला, "आबा, राहू द्या ना. उद्या एक इलेक्ट्रिशियन येतोय ऑफिसमधल्या एका भियाच्या ओळखीचा, तो दहा मिनिटांत करून देईल. आता तुमचं वय आहे का हे करायचं?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आबांनी पक्कड ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. आतापर्यंत ज्यांना मोहल्ला बोलवत होता, त्यांच्याच घरात उद्या दुसरा माणूस पेचकस घेऊन येणार. तो आला असता तर आबा पुन्हा बोर्डाजवळ गेले नसते, हे मला तेव्हाच कळलं. ते सोफ्यावर बसून पेपर वाचत राहिले असते, पाहुण्यासारखे.

"एकदा अजून बघू दे," आबा म्हणाले. नवरा वर गेला.

मी टॉर्च धरून उभी राहिले. आबांनी एक वायर चिमटीत धरून वर केली आणि अगदी हळू विचारलं, "ही?"

"लाल," आई म्हणाल्या.

लाल उजव्या भोकाला, बटनातून. आबांनी ती तिथे कसली. दुसरी वायर वर केली. "ही?"

"काळी," आई म्हणाल्या.

वायर हिरवी होती. सिमेंटची धूळ बसलेली, गडद, पण हिरवी. माझ्या टॉर्चच्या उजेडात मला ती मिरचीसारखी हिरवी दिसत होती. काळी डावीकडे जाते आणि हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वरच्या मोठ्या भोकाला. ह्या दोघींची अदलाबदल झाली की मिक्सरमधून परतणारी वीज अर्थिंगच्या वाटेनं जाते आणि मेनजवळचं बटन पडतं, हे मला नंतर आबांनीच शिकवलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की आईंना ती वायर काळी दिसतेय आणि आबांनी ती हिरवी वायर डोळ्यांसमोर धरून, काही न बोलता, काळीच्या जागी लावायला घेतलीय.

आईंची चूक समजण्यासारखी होती, वय झालंय. पण वायर तर आबांच्या हातात होती!

मग माझ्या डोळ्यांसमोरून अकरा वर्षं सरकली. आबांनी बाजारातून आणलेले कच्चे टोमॅटो, आणि "ह्यांना भाजीतलं काही कळत नाही" असं म्हणून आईंनी त्यांची भाजी आणणं बंद करणं. त्यांचा मरून स्वेटर, ज्याला ते तपकिरी म्हणतात. चौकातल्या सिग्नलवर "वरचा लागला, थांब" असं म्हणणं. तरुणपणी रेल्वेत इंजिनावर जायचं होतं, डोळे तपासले आणि घेतलं नाही, ही एका वाक्यात संपणारी गोष्ट. आबांना लाल-हिरवं कळतच नव्हतं. टेस्टर त्यांना लाल वायर दाखवू शकला असता, पण टेस्टर बोलतो तो वीज चालू असताना, आणि हात घालायचा तो वीज बंद असताना. त्या वेळी बोलायच्या त्या आई. काळं तरी त्यांना स्वतःला ओळखता आलं असतं कदाचित, पण इतक्या वर्षांत स्वतःच्या डोळ्यांपेक्षा आईंच्या शब्दावर त्यांचा जास्त भरवसा बसला होता. आणि आईंना आता दिसत नव्हतं, आणि त्या ते सांगत नव्हत्या.

माझे डोळे भरून आले आणि हसूही यायला लागलं. दोन्ही गिळलं.

"आई," मी म्हटलं, "वरणाचा कुकर तुम्हीच बघा बरं, मी लावलं की ते बुडाला लागतं. मेथी मी निवडते."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मग परात माझ्या हातात देऊन उठल्या. मी स्टुलावर बसले, मान खाली घातली आणि एक काडी खुडून म्हटलं, "आबा, ती हिरवी दिसतेय."

आबांचा हात थांबला. मी मेथीतून मान वर काढली नाही. कुकरची एक शिट्टी झाली.

"ही?" आबांनी विचारलं.

"काळी."

मेन चालू केलं. मी मिक्सरचं बटन दाबलं आणि शेंगदाण्यांचा असा काही कल्लोळ उठला की वरच्या मीटिंगलाही ऐकू गेला असणार. आबा हातातला पेचकस उंचावून ओरडले, "देखा! चली ना मोटर!" आणि आई कुकरशी उभ्या राहून हसायला लागल्या. इतकं कूट झालं की आठवडाभर प्रत्येक भाजीत शेंगदाणे होते. इलेक्ट्रिशियनला नवऱ्यानं फोन करून नको सांगितलं.

त्या दिवसापासून आबांनी मला शिकवायला घेतलं. ते म्हणायचे, "रंगावर आंधळा विश्वास नाही ठेवायचा, बेटा. ज्यानं वायर ओढली त्याच्याकडे लाल संपली असेल तर त्यानं पिवळी ओढली असेल, आपल्याला काय माहीत? पहिले टेस्टर, मग मेन बंद, मग पुन्हा टेस्टर, मग हात." मिक्सरच्या वायरीत लालऐवजी तपकिरी असते, काळीऐवजी निळी, आणि हिरवीवर पिवळी रेघ, हेही त्यांनीच शिकवलं. त्यांना सगळे रंग पाठ होते, फक्त दिसत नव्हते. मी एकदाही काही बोलले नाही. माझ्यासारखीनं एवढं गुपित महिनोन्महिने पोटात ठेवणं हे माझ्या माहेरच्यांना खरं वाटणार नाही.

आईंच्या डोळ्यांचं मात्र मी बोलले, चांगली भांडलेच. मोतीबिंदू होता. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि घरी आल्यावर त्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "अगं, ही पांढरी आहे? मी इतके दिवस पिवळी समजून चाललेय!" मग गॅलरीत जाऊन तुळस पाहिली, माझी ओढणी पाहिली, फळवाल्याच्या हातगाडीवरच्या संत्र्यांचं तोंडभरून कौतुक केलं. दिवसभर त्या लहान पोरीसारख्या रंग मोजत हिंडत होत्या.

संध्याकाळी चहा करताना त्यांनी मला विचारलं, "तुला कळलंय ना?"

"काय?"

"चल, आगाऊ." त्यांनी आलं किसायला घेतलं. "लग्नाला सहा महिने झाले होते. हे पंख्याची वायर जोडत होते, मी सहज म्हटलं, अहो, ती लाल आहे. लगेच वायर बदलली. पुढच्या वेळी म्हणाले, तू इथे येऊन बस जरा, एकट्याला कंटाळा येतो. तेव्हापासून बसतेय. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची." मग खोट्या रागानं म्हणाल्या, "कळतंय का, किती मटार सोलले असतील मी?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की चहा उतू गेला.

मग खंडेनवमी आली. राऊमधली आमची पहिली नव्हे, पण ह्या वेळी आबांनी सकाळपासूनच घाई लावली होती. पाट मांडला, तलवार पुसली, शेजारी पक्कड. लॅपटॉप आला, माझे ब्रश आले, आणि ब्रशांशेजारी आबांनी खिशातून एक नवा टेस्टर काढून ठेवला. "हा तुझा," एवढंच म्हणाले. मी तिथेच रडले, लपवायचं काय त्यात. शेजारचे भियाही (आमच्याकडे दादाला भिया म्हणतात) आले होते, जुन्या मोहल्ल्यातून आमच्यासारखेच इकडे आलेले, ज्यांच्या दोन्ही घरांतली बटनं आबांनी लावली.

पूजा सुरू करायची तर आबा उठून आत गेले. आले ते स्टूल घेऊन. बसून बसून मधे खोलगट झालेलं, एका पायाला रबर लावलेलं. ते त्यांनी पाटाशेजारी, पक्कडीच्या बाजूला ठेवलं.

"अहो, हे काय?" आई म्हणाल्या. "स्टूल आहे ते."

"हत्यार आहे," आबा म्हणाले. मग शेजाऱ्यांकडे वळले. "मला लाल-हिरवं कळत नाही, भिया. पहिल्यापासूनच. ह्या शेजारी बसून सांगायच्या, मी जोडायचो. नाव माझं झालं."

नवरा आबांकडे बघतच राहिला. मग शेजारचे भिया घाबरून म्हणाले, "आबा, मग माझा गीझर?"

"त्या दिवशी ह्या मटार घेऊन आल्या होत्या ना तुमच्याकडे?"

"आल्या होत्या."

"मग बिनधास्त नहाओ!"

हसण्याचा असा भडका उडाला की पाटावरची तलवार हलली. आई हसत नव्हत्या. त्या स्टुलाकडे बघत होत्या, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

आबांनी तलवारीला कुंकू लावलं, पक्कडीला लावलं. मग पुन्हा वाटीत बोट बुडवलं, वायर धरायचे तसं वर धरलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हा?"

"लाल," आई म्हणाल्या. "लावा."