कुंडलच्या डोंगराला टिकेल असा टायर

कुंडलच्या डोंगरावरून उतरताना तिसऱ्या वळणावर मागचं चाक एकदम बसलं. नाथाजी सूर्यवंशींनी ब्रेक दाबला, डावा पाय टेकवला आणि सायकल कडेला घेतली. टायरच्या बगलेला बोटभर चीर पडली होती. पंक्चर असतं तर त्यांनी तिथंच काढलं असतं, सामान पिशवीत असायचंच. पण टायरच फाटला म्हटल्यावर काय करणार?

सायकल सव्वीस किलोची. विजेवर चालणारी, डोंगरातली. मोटार मागच्याच चाकात, त्यामुळे तेच चाक बसलं की सगळी सायकल मेल्यासारखी जड होते. नाथाजींचा उजवा गुडघा आधीच अधू. फौजेच्या वर्कशॉपमध्ये जॅक घसरून गाडी पायावर आली होती, तेव्हापासूनचा. थांबत, टेकत, सायकल ढकलत ते खाली आले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. सगळ्या वाटेत ते मनाशी जुळणी करत होते, हे कसं सांगायचं. वळण कुठलं, दगड कसला, चाक बसल्यावर सायकल कशी सांभाळली.

गल्लीत पुतण्याची बायको संयोगिता अंगणात शेंगा वाळत घालत होती. तिनं मान वर करून विचारलं, "जेवला काय, आण्णा?"

"व्हय," नाथाजी म्हणाले. जेवले नव्हते. सायकल भिंतीला लावून त्यांनी कुलूप काढलं आणि आत गेले.

सायकल खरं तर त्यांच्या मुलाची, जयराजची. कंपन्यांनी लोकांना घरूनच काम करायला सांगितलं होतं त्या दिवसांत जयराज पुण्याहून कुंडलला आला आणि दीड वर्ष राहिला. माडीवरच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर, खाली आईच्या हातचं जेवण, आणि संध्याकाळी सायकल घेऊन डोंगर. नाथाजींच्या नोकरीची सव्वीस वर्षं बाहेरच गेली होती. मुलाबरोबर सलग एवढे दिवस ते आयुष्यात पहिल्यांदाच राहिले. पुढं जयराजला कॅनडात नोकरी लागली. सायकल त्यानं चादर घालून पडवीत ठेवली. म्हणाला, "आलो की चालवतो."

तो आला तो आईच्या दिवसांना. साळूबाई तापाचं निमित्त होऊन चार दिवसांत गेल्या होत्या. जयराज बारा दिवस राहिला. चादरीला हात लावायला त्याला सवड झाली नाही.

नाथाजींनी चादर काढली ती बॅटरीपायी. तीस गुंठे ऊस पुतण्याकडं कसायला दिलेला, म्हैस विकलेली, घरात एकटा माणूस. एक दिवस सहज फोनवर जयराज म्हणाला, "बाबा, बॅटरी तशीच पडून राहिली तर खराब होईल. अधूनमधून चार्ज करा, आणि जरा वापरायला पण पाहिजे." वस्तू वापरात ठेवायची हा तर नाथाजींचा फौजेतला धर्म. त्यांनी बॅटरी चार्ज केली. चार्ज झालेली बॅटरी उतरवायची म्हणून गावाबाहेर एक फेरी मारली. मग ओढ्यापर्यंत. मग डोंगराच्या पायथ्यापर्यंत. गुडघ्याला चालणं सोसत नव्हतं, पण मोटारीच्या आधारानं पायडल फिरत होतं. महिन्याभरात ते रोज सकाळी डोंगराच्या माथ्यावर जायला लागले. वर बसायचे, बरोबर नेलेली भाकरी खायचे, उतरायचे. वर जाऊन काय करता असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. पण तेवढी सकाळ सरायची.

टायर फाटल्यावर दुसऱ्या दिवशी ते पलूसला गेले. तिथं भाऊसोचं सायकलीचं जुनं दुकान. भाऊसोनं मापाचा टायर शोधून काढला आणि प्रामाणिकपणे सांगूनही टाकलं, "आण्णा, माप बसतंय बघा. पर ह्यो साध्या सायकलीचा हाय. तुमच्या मोटारीला किती दिवस पुरंल, मला न्हाई सांगता यायचं."

एकोणीस दिवस पुरला. मधली सगळी रबराची बटणं झिजून टायर टकला झाला आणि विसाव्या दिवशी बाभळीचा काटा आरपार गेला.

त्या सकाळी नाथाजींनी जयराजला फोन लावला. तिकडं रात्रीचे साडेदहा.

"मागच्या चाकाला कसला टायर घालू रं? टिकंल असा सांग."

"बाबा, मी लिंक पाठवतो." मागं कुठंतरी भांडी आवरल्याचा आवाज येत होता. "पण खरं सांगू का, कशाला एवढी धडपड? राहू दे तशीच. माझं यायचं काय लवकर जमत नाही."

"बॅटरी खराब होईल की."

"होऊ दे, बाबा. जुनीच झालीय आता."

तीन लिंक आल्या. नाथाजींनी चष्मा लावून त्या उघडल्या. चिखलासाठी वेगळा, खडकासाठी वेगळा, शर्यतीसाठी वेगळा. खाली शंभर लोकांनी शंभर मतं मांडलेली. एकाला जो टायर दोन वर्षं गेला तोच दुसऱ्याचा दोन महिन्यांत फाटला. त्यांनी फोन पालथा ठेवला. ट्रकचा टायर त्यांनी नुसता हात फिरवून ओळखला असता. वर्कशॉपमध्ये त्यांचं कामच ते होतं, टायर काढायचे, बघायचे, कुठला पुढं जाईल आणि कुठला बाद, ते ठरवायचं. आणि इथं दोन बोटं रुंदीच्या टायरपुढं त्यांना काही सुधरत नव्हतं. विचारायला माणूस नव्हता. गावात अशी सायकलच दुसरी नव्हती.

शेवटी त्यांनी मोटारीची वायर सोडवली, नट काढले, दांड्यांमधली जागा मोजून घेतली, चाक पोत्यात घातलं आणि सांगलीची एसटी धरली. पहिला फाटलेला टायरही बरोबर घेतला.

कंडक्टरनं पोत्याला पाय लावून बघितलं. "काय हाय ह्यात?"

"चाक."

"कशाचं?"

नाथाजी सांगायला लागले, पण तोवर कंडक्टर पुढच्या सीटवर पोचला होता.

सांगलीत स्टँडपासून लांब नाही, एक दुकान आहे. दारात गियरच्या सायकली टांगलेल्या. मालक सिद्धू, पस्तिशीचा, मिरजेच्या पलीकडचा, बोलताना वाक्याच्या शेवटी कानडी हेल काढणारा. नाथाजींनी पोतं उघडलं आणि म्हणाले, "ह्याला टिकाऊ टायर पायजे. सगळ्यात भारी कुठला?"

सिद्धूनं फाटलेला टायर उचलून उजेडात नेला. आतून बाहेरून बोटं फिरवली. मग टकला झालेला बघितला.

"काका, मागचाच ब्रेक लय वापरताय न्हवं? पुढचा दाबतच न्हाई."

नाथाजी चमकले. "कसं कळलं?"

"हे बघा की. मधलं रबर एका जागी खरवडलंय. उतारावर चाक घसरत आलंय, ओढत. निम्मी झीज त्याचीच हाय." मग त्यानं चिरेजवळ बोट ठेवलं. "आणि हवा कमी ठेवताय. दगडावर टायर दबला, रिममध्ये आणि दगडामध्ये सापडला, फाटला. किती ठेवताय?"

"तीस. मुलानं सांगितलंय तीसच्या वर न्हाई."

"मुलगा किती वजनाचा?"

"साठ-बासष्ट."

"आणि तुमी?"

"ब्याऐंशी."

सिद्धू हसला नाही. "मग तीस त्याची हवा झाली, काका. तुमची न्हाई. तुमाला चाळीस पायजे. चालवतंय कोण, तुमीच न्हवं?"

"सायकल त्याची हाय," नाथाजी म्हणाले.

"तसं न्हाई. चालवतंय कोण?"

"मीच."

"तो आल्यावर?"

नाथाजी चाकाच्या स्पोकांवरून बोट फिरवत राहिले. "त्याचं यायचं काय खरं न्हाई," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा.

सिद्धूनं स्टूल पुढं सरकवलं आणि प्रश्न विचारत गेला. रोज किती चढ? वाट खडकाची का मातीची? पावसाळ्यात पण जाता? डांबरीवर किती चालवता? पाठीवर ओझं असतं? एकटेच जाता का कोण बरोबर असतं? या शेवटच्या प्रश्नाचं टायरशी काय नातं, ते नाथाजींना कळलं नाही. सिद्धूनंच सांगितलं, "बरोबर कोण असलं तर हलका टायर चालतो. फाटला तर एकजण राहतो, एकजण मदत आणतो. एकट्यानं जाणाऱ्यानं जड घ्यावा."

"एकटाच असतो," नाथाजी म्हणाले.

मग दोघंही कामाला लागले. सिद्धूनं तीन टायर काउंटरवर ठेवले. पहिला मऊ, दगडाला घट्ट धरणारा. नाथाजींनी नखानं दाबून बघितला आणि बाजूला सारला. "ह्यो तीन महिन्यांत खाल्ला जाईल. मोटार रबर खाते."

"बरोबर," सिद्धू म्हणाला. "मऊ असला तर पुढं घालावा. पुढच्या चाकानं वळायचं असतं. मागच्यानं ओझं ओढायचं."

दुसरा कडक होता, पण बगल पातळ. नाथाजींनी ती चिमटीत धरून दुमडली आणि मान हलवली. तिसरा हातात घेतल्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. जड होता. बगलेला दुहेरी थर, मधे काट्यासाठी आणखी एक पट्टा, मधली बटणं बुटकी आणि एकमेकांना खेटून बसवलेली. त्यांनी तो नाकाजवळ नेऊन वास घेतला, जसा वर्कशॉपमध्ये घ्यायचे.

"ह्यो माल हाय," ते म्हणाले.

"जरा सुस्त पळंल, काका."

"मला कुठं शर्यत जिंकायची हाय?"

"बॅटरी पण थोडी जास्त खाईल."

"खाऊ दे."

सिद्धूनं मापाचा आकडा रिमवरच्या आकड्याशी ताडून बघितला, सायकलीच्या दांड्यात एवढा रुंद टायर घासणार नाही ना ते नाथाजींनी आणलेल्या मापावरून खात्री केली आणि टायर चढवायला घेतला. घट्ट होता, बसेना. नाथाजींनी बाह्या सारल्या, शेवटची कड दोन्ही अंगठ्यांनी रेटून आत बसवली. लिव्हर न लावता.

"फौजेतले काय?" सिद्धूनं विचारलं.

"सव्वीस वर्षं. गाड्यांचं वर्कशॉप."

मग चहा आला. नाथाजी जबलपूरबद्दल बोलले, उणे तापमानात दगडासारखं होणाऱ्या रबराबद्दल बोलले, साळूबाईंबद्दलही एक-दोन वाक्यं बोलले. तिसऱ्या वळणावर चाक बसल्याची गोष्टही त्यांनी सांगितली, दगडासकट. तिला आता महिना होऊन गेला होता. साडेतीनची एसटी चुकली. त्यांनी ती मुद्दाम चुकवली होती.

टायर चांगला निघाला. चाळीसची हवा भरून नाथाजी पहिल्यांदा चढले तेव्हा सायकल जरा जड वाटली, पण उतारावर दगडांवरून ती अशी ठाम आली की त्यांनी खाली पोचल्यावर मागं वळून वाटेकडं बघितलं. दोन्ही ब्रेक सारखे दाबायची सवय लावून घेतली. हिवाळा गेला, उन्हाळा आला, बाभळीचे काटे वाळून वाटेवर पसरले. टायरला काही झालं नाही.

मे महिन्यात जयराज आला. बरोबर बायको, प्रियदर्शनी. नऊ दिवसांसाठी. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सायकल बाहेर काढली, पहिल्या वळणापर्यंत गेला आणि अर्ध्या तासात परत आला.

"बाबा, कसला दगड बसवलाय मागं! पळतच नाही ही. आणि हवा केवढी भरलीय!"

"माझ्या वजनाची हाय," नाथाजी म्हणाले.

जयराजनं वडिलांकडं बघितलं, मग सायकलकडं. हँडलला बांधलेली भाकरीची पिशवी, सीटखाली गुंडाळलेलं ट्यूबचं रबर, गुडघ्याला बरं पडावं म्हणून वर घेतलेली सीट. "रोज जाता होय तुम्ही, वरपर्यंत?"

"रोज."

"एकटेच?"

नाथाजींनी भाकरीच्या पिशवीची गाठ नीट केली. जयराज ओसरीच्या पायरीवर बसला. म्हणाला, "तुमचीच झाली आता ही." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तरी नाथाजींना वाटलं, वस्तू कुणाची ते ठरलं म्हणजे आता त्याचं परत यायचं एक कारण कमी झालं. ते आत जाऊन चहाचं आधण ठेवून आले.

नवव्या दिवशी पुण्याला जाणारी गाडी दारात आली. जयराज पाया पडला, प्रियदर्शनी पाया पडली. संयोगितानं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा बांधून दिला. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली.

जूनमध्ये गुडघा दाखवायला नाथाजी सांगलीला गेले. दवाखान्यातून निघाल्यावर पाय आपोआप दुकानाकडं वळले. सिद्धू गिऱ्हाइकांत होता. दुरून हात करून म्हणाला, "या काका! टायर कसा हाय?"

"एकदम चांगला."

"कुठं चीर? काटा?"

"काय न्हाई. जसाच्या तसा."

"मग झालं तर! दोन वर्षं बघायचं काम न्हाई."

नाथाजी स्टुलावर टेकले. टिकाऊ मालाची ही बाजू त्यांच्या ध्यानात आली नव्हती. तक्रार नाही, दुरुस्ती नाही, विचारायचं काही नाही. सिद्धू एका बाईंना हेल्मेट दाखवत होता, दुसरा माणूस चेनचं तेल मागत होता. मध्येच सिद्धू ओरडून म्हणाला, "काका, रविवारी आमी पाच-सहाजण दंडोबाच्या डोंगरावर जातो. येताय काय?"

"तिथवर बॅटरी पुरायची न्हाई," नाथाजी म्हणाले. ते खरंच होतं.

त्यांनी दहा मिनिटं वाट बघितली. मग उठले, दारात टांगलेल्या टायरांवरून जाता जाता हात फिरवला, आणि आणखी गिऱ्हाइकं येत होती म्हणून सिद्धूला न सांगताच रस्त्यावर आले. पलूसची गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली. शेजारची सीट भिलवडीपर्यंत मोकळीच होती.