हिरवी नवरी

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला माहीत नाही, ताईला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण—तुमची नि दाजींची ओळख नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सोलापुरात आम्ही दोघं मिळून लग्नांचे व्हिडिओ करायचो. शूटिंग त्यांचं, एडिटिंग माझं. त्यांनी नवा कॅमेरा घेतला तेव्हा ताईनं त्याला हळदकुंकू लावलं, आणि त्या दिवशी दाजी तो मांडीवर घेऊन जेवले. वाढवून सांगत नाही—खरंच मांडीवर.

त्या कॅमेऱ्याचं पहिलं लग्न वळसंगचं. फायली माझ्याकडे आल्या नि कॉम्प्युटर अडखळायला लागला. नवरदेव घोड्यावर चढतोय, चढतोय—चढतच नाही. आता, कॅमेरा चित्रं घड्या घालून, दाबून साठवतो. दाखवताना त्या घड्या कॉम्प्युटरला उलगडाव्या लागतात. त्याला डिकोडिंग म्हणतात. हे मला आज कळतं. तेव्हा? तेव्हा मी इंटरनेटवर एका माणसाचं ऐकलं. तो म्हणाला, सेटिंगमध्ये जा, डिकोडिंगचं काम ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे चित्रांसाठीच्या वेगळ्या भागावर, सोपवा, गाडी पळायला लागेल. मी गेलो. दिसेल तिथं टिक केली. माझ्या जुन्या कार्डाला या नव्या फायली झेपतात का, ते बघितलं? छे. मोबाईलवर 'मान्य आहे' दाबताना आपण कधी वाचतो का?

गाडी पळाली खरी. पण अंतरपाट खाली आला आणि—नवरी हिरवी. नुसती हिरवी असती तर एक वेळ चाललं असतं. कपाळ एकीकडे, हनुवटी दुसरीकडे, नि मधोमध भटजींचा कान.

मला ती टिक आठवली का? आठवली. हेच तर सांगायचंय. आठवली—आणि तेवढ्यात दाजी मागं येऊन उभे राहिले, नि मी म्हणालो, "दाजी, कॅमेऱ्यात घोळ दिसतोय."

ते भांडले असते तर किती बरं झालं असतं! ते म्हणाले, "माझ्याकडनंच कायतरी चुकलं असंल बग. नवीन हाय, हात बसला न्हाय अजून." आणि कॅमेरा पुसत खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी ते कॅमेरा दाखवायला पुण्याला गेले. ते एसटीत असतील तेव्हाच मी टिक काढली, सॉफ्टवेअर बंद करून परत उघडलं. नवरी जागच्या जागी, लाजतेय. भटजींचा कान भटजींकडे.

फोनला हात घातला, तर त्यांचाच आला. "हितले म्हंत्यात, कॅमेऱ्यात कायबी दोष न्हाय. म्हंजे दोष माझाच की." आणि मी काय बोललो? "काळजी करू नका दाजी, मी एकेक चित्र हातानं नीट करतोय." हातानं! एका लग्नात किती चित्रं असतात, कल्पना आहे? हातानं करत बसलो असतो तर त्या नवरीची मुलं शाळेत जायला लागली असती.

पण दाजींनी विश्वास ठेवला. वळसंगला जाऊन सांगितलंसुद्धा. मग नवरीच्या वडलांनी मला बोलावून सत्कार केला—फेटा, नारळ, चादर. "तुमी व्हता म्हून लेकीचं लगीन बगाय मिळालं वो!" सगळ्यात जोरात टाळ्या दाजींनी वाजवल्या. ऐन उन्हाळ्यात मी चादर पांघरून उभा. घाम उन्हानंच आला, असं म्हणू का?

पुढं दाजींनी कॅमेरा विकला. बार्शीच्या एकानं घेतला. त्याच्या फायली एडिटिंगला माझ्याकडेच येतात, झकास असतात. दाजी आता मंडप घालायची कामं घेतात. कुणी विचारलं तर म्हणतात, शूटिंग माझ्या हाताला न्हाय.

मागच्या महिन्यात त्यांच्या लेकीचा साखरपुडा ठरला. ताई म्हणाली, "घरचंच काम हाय, तुमीच करा की शूटिंग." दाजी म्हणाले, "नगं. लेकीचं हाय. बिगडलं म्हंजे?" मी शेजारीच बसलो होतो. चहा बशीत ओतला, फुंकर घातली, प्यायलो. एवढंच केलं.

शूटिंगला बाहेरचा माणूस बोलावला. एडिटिंग—अर्थात माझ्याकडे. अंगठी घालतानाच्या गर्दीत, पार कडेला, दाजी दिसतात. एक डोळा मिटलाय, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट धरलीय, आणि त्या चौकटीतून ते लेकीकडे बघतायत. हात हळूच लेकीबरोबर सरकतायत. आजूबाजूला कुणाचंच लक्ष नाही.

मी ते पुन्हा पुन्हा बघितलं. मग तेवढा तुकडा कापून टाकला.