एक्सपोर्ट क्वालिटीची रिंग

जर्मनीहून फोन आला तेव्हा माल पॅक होऊन ट्रकची वाट पाहत होता. फोन ठेवल्यावर माधवराव म्हणाले, "मंगलाताई, ऑर्डर कॅन्सल. आपल्या रिंगमध्ये काय घातलंय तुम्ही?"

१९९९ संपत आलं होतं. बनारसमधल्या त्यांच्या खेळण्यांच्या कारखान्यात मी केमिस्ट होते. दात येणाऱ्या बाळांनी चावायची मऊ रिंग आम्ही करायचो.

"जे नेहमी घालतो तेच," मी म्हटलं. "थॅलेट."

पीव्हीसी प्लास्टिक मुळात कडक असतं. ते मऊ व्हावं म्हणून त्यात थॅलेट नावाचं तेलासारखं द्रव्य मिसळतात. ते प्लास्टिकला पक्कं धरून राहत नाही. बाळ चावतं, तसं लाळेत उतरतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही थॅलेटांनी नर पिल्लांच्या हार्मोन्सची गडबड केली होती. माणसांचं नक्की माहीत नव्हतं. युरोपने मात्र वाट न बघता तान्ह्या मुलांच्या अशा खेळण्यांवर बंदी घातली.

"जर्मनीवाले विचारतायत, लाकडी खेळणी मिळतील का," माधवराव म्हणाले.

लाकूड मागासलेलं दिसतं म्हणून त्यांनीच लाकूड कातायच्या खरादी बंद करून कारागिरांना घरी बसवलं होतं.

"या मालाचं काय करायचं?" मी विचारलं.

"इथे विकू."

"मी तपासणीच्या दाखल्यावर सही करणार नाही."

"इथे सही लागते कुठे? आपल्याकडे बंदी नाही."

आठवड्याभराने त्यांच्या बालाजी घाटाजवळच्या घरी हळदीकुंकवाला गेले. त्यांची नात लाकडी खुळखुळा चावत बसली होती. वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी तिची रिंग काढून घेतली हो. म्हणे जुनी झाली. कारागिराच्या घरी जाऊन हा बनवून आणला."

दुसऱ्या दिवशी मी माधवरावांना म्हटलं, "घरातली रिंग काढलीत. गोदामातल्याही काढा."

ते म्हणाले, "घरात माझं चालतं, ताई. धंद्यात भागीदारांचंही ऐकावं लागतं." आवाजात जोर नव्हता.

अखेर खरादी पुन्हा सुरू झाल्या. लाकूड युरोपला जाऊ लागलं आणि रिंगा बनारसच्या बाजारात आल्या. खोक्यांवर 'एक्सपोर्ट क्वालिटी' तसंच होतं. उरलेला कच्चा माल संपेपर्यंत रिंगा निघत राहिल्या. मी तोवर थांबले नाही. एका कॉलेजात शिकवायला लागले.

एकदा घाटावरच्या मेळ्यात एक बाई कडेवरच्या बाळासाठी तीच रिंग निवडताना दिसली. मला राहवलं नाही.

"बहनजी, यह मत लीजिए. विलायत में इस पर रोक लग गई है."

तिने रिंग उलटीपालटी करून पाहिली. खोक्यावरची इंग्रजी अक्षरं पाहिली.

"अच्छा," ती म्हणाली, "तभी हमारे यहाँ इतनी सस्ती मिल रही है."

तिने दोन घेतल्या.

तेव्हापासून मी युरोपचं नाव काढत नाही, हार्मोन्सचंही नाही. कुणी विचारलं तर एवढंच सांगते, बाळाला चावायला गाजर द्या, आणि जवळ बसून राहा.