बादलीला नाक लावणाऱ्या शमीम आपा

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली, पुढं सही आणि किराणा सामानाची यादी एवढंच लिहिलं. कुठं ऱ्हस्व, कुठं दीर्घ हे मला आजही कळत नाही, आणि हात हळू चालतो म्हणून ओळी खाली घसरतात. कुणी वाचावं म्हणून मी हे लिहीत नाही. पण चुकून कुणी वाचलंच, तर चुकांना हसू नये. शमीम आपांना जाऊन दीड महिना झाला. मला अजून रडू आलेलं नाही. आत काहीतरी बधिर झालंय, दाताला सुई दिल्यावर गाल होतो तसं. लिहिलं तर हलेल असं वाटलं... बघू.

त्या दिवशी पाण्याची पाळी माझी होती. छावणीच्या पलीकडं आमची कॉलनी आहे, तिच्या मधोमध एक मोकळा प्लॉट, आणि त्यात आम्हा बावीस घरांची भाजीची बाग. प्रत्येक घराला एक वाफा. नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथं बागेला कुठून घालणार? म्हणून आपांनी एक रीत घातली होती. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी प्रत्येक घरानं बादलीत साठवायचं आणि सकाळी सहाच्या आत दाराबाहेर ठेवायचं. ज्याची पाळी असेल त्यानं हातगाड्यावर ड्रम घेऊन घरोघर फिरायचं, बादल्या ड्रममध्ये ओतायच्या आणि सगळ्या वाफ्यांना पाणी घालायचं. स्वतःच्या वाफ्याला शेवटी. आपांची बादली कायम सगळ्यांच्या आधी बाहेर असायची, वर ताटली झाकलेली. त्या दिवशी ती नव्हती. मी फाटक उघडून दारापर्यंत गेले. वाजवायला हात वर केला आणि खाली घेतला. एवढ्या सकाळी कशाला उठवायचं, असं म्हणाले मनात. खरं तर दुसऱ्याचं दार वाजवणं मला पहिल्यापासून जिवावर येतं. मी गाडा पुढं ढकलला, बागेला पाणी घातलं, घरी येऊन पोळ्या करायला बसले. माझे मालक समोरच्या इमारतीत वॉचमन आहेत. दहाच्या सुमाराला ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सुमन, आपा गेल्या."

"कुठं?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, पहाटेच झोपेत गेल्या, मी दार वाजवलं असतं तरी काही उपयोग नव्हता. सगळ्यांनी मला हे दोन-दोनदा सांगितलं. त्यांच्या घरी बायका जमल्या होत्या. मी स्वयंपाकघरात गेले तर ओट्याखाली ती बादली होती, अर्धी भरलेली, वर ताटली. रात्री भाताचे तांदूळ धुतलेलं पाणी. कुणाला विचारलं नाही. बादली उचलली, आधी नाकाजवळ नेली, जरा आंबूस वास होता, आणि नेऊन त्यांच्याच वाफ्यात ओतली. मग घरी येऊन राहिलेल्या पोळ्या केल्या. त्या दिवशी एकही पोळी करपली नाही, हे मला नीट आठवतं.

आपा सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. लग्न केलं नाही, सगळी नोकरी वॉर्डात गेली, आणि रिटायर झाल्यावर त्यांनी या बागेलाच वॉर्ड केलं. पाळ्यांच्या तक्त्याला त्या ड्यूटी चार्ट म्हणायच्या. कुणी म्हणालं, "आपा, आज पाहुणे आलेत, उद्या घालते पाणी," तर त्या म्हणायच्या, "पाहुण्यांना पण घेऊन ये. चार हात जादा." उंच, सडपातळ, पांढऱ्या ओढणीचं टोक कमरेला खोचलेलं, हातात जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, एक जुना मग. बादली ओतायच्या आधी त्या मगभर पाणी काढायच्या, नाकाशी धरायच्या, मग दोन बोटं बुडवून चोळायच्या. बोटं बुळबुळीत लागली की साबण. मग ती बादली परत. कुणाचीही असो. साळवे सर म्हणजे बागेचे सेक्रेटरी, मोठ्या शाळेचे रिटायर हेडमास्तर, त्यांची बादलीसुद्धा त्यांनी एकदा परत पाठवली होती.

मला सभासद करून घेताना मोठं भांडण झालं. बागेचे सभासद फक्त स्वतःचं घर असलेले. आम्ही भाड्यानं एका खोलीत. आपांना मी एकदा सकाळी कोथिंबिरीच्या काड्या मागताना भेटले होते... म्हणजे मी मागितल्या नव्हत्या, कुंपणाबाहेर उभी होते नुसती. त्यांनी विचारलं, "घरी तांदूळ धुतेस ना? ते पाणी कुठं जातं?" मी म्हणाले, मोरीत. "मग बागेत आण. जो पाणी देईल तो सभासद." मीटिंगमध्ये जुन्या सभासद पाटीलबाई म्हणाल्या, "आपा, भाडेकरू आज हायेत, उद्या सामान उचलून जातेल. वाफा काय गाठोड्यात बांधून नेणार का?" आपा म्हणाल्या, "तू तरी घर डोक्यावर घेऊन जाणारेस का? आपण सगळेच भाडेकरू." पाटीलबाई हसल्या, पण ऐकलं नाही. शेवटी आपांनीच तोडगा काढला आणि स्वतःच्या हातानं वहीत लिहिला. भाडेकरूंना घ्यायचं, पण पहिलं वर्ष कच्चं. त्या वर्षात त्यांच्या हातून बागेचं नुकसान झालं तर वाफा परत घ्यायचा. नुकसान कुणीही केलं तरी बियाणं त्यानंच भरून द्यायचं, आणि त्याचं नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं. त्या पानाला सगळे चुकांचं पान म्हणायचे. मी त्या मीटिंगमध्ये सतरंजीच्या काठावर बसले होते, मान वर केली नाही.

वाफा मिळाला. दीड हात रुंद, चार हात लांब. पहिली मेथी निघाली तेव्हा मी दोन जुड्या शेजारी वाटल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काहीतरी दिलं असं वाटलं. आमच्या खोलीला खिडकीसुद्धा एकच आहे, तीही जिन्याकडं. त्या वाफ्याशी बसलं की डोक्यावर सगळं आभाळ असायचं. हे मी कुणाला बोलले नाही, आपांनाही नाही.

चार महिन्यांनी ते झालं. पाळी आपांची होती, पण त्यांचा गुडघा सुजला होता म्हणून मी म्हणाले, मी करते. कोपऱ्यावरच्या घरात नवी माणसं राहायला आली होती. त्यांनी बादली बाहेर ठेवली होती आणि बाई दारातच उभी होती. मगभर पाणी काढून वास घ्यायला हवा होता. पण समोर माणूस उभं असताना त्यांच्या बादलीला नाक लावायचं, म्हणजे तुमच्यावर आमचा भरवसा नाही असं तोंडावर सांगणं. मला लाज वाटली. मी हसले आणि बादली तशीच ड्रममध्ये ओतली. बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं, तिनं फरशी पुसलेलं पाणीही त्यातच टाकलं होतं. फिनेलचं. त्या खेपेचं पाणी गेलेले कडेचे चार वाफे दुसऱ्या दिवशी पिवळे पडले, तिसऱ्या दिवशी मेथी, पालक, कोथिंबीर सगळं झोपलं. त्यातला एक वाफा पाटीलबाईंचा.

मी आपांकडं गेले आणि दारात उभी राहिले. त्यांनीच विचारलं, "तू सूंघा नहीं ना?" मी मान हलवली. त्या बराच वेळ गुडघ्यावर हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तक्त्यावर नाव कुणाचं होतं त्या दिवशी?" मी म्हणाले, तुमचं. "हौ. मग झालं तर."

रविवारी मीटिंगमध्ये त्या उभ्या राहिल्या आणि सांगितलं, पाणी मी घातलं, वास घेतला नाही. चुकांच्या पानावर स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं: शमीम. पाणी न तपासता घातले. चार वाफे गेले. नियमाप्रमाणं बियाणं आणि शेणखताचे सातशे वीस रुपये भरले, बागेच्या किल्ल्या साळवे सरांकडं दिल्या. नुकसान करणाऱ्यानं वर्षभर किल्ल्या ठेवायच्या नाहीत, हाही त्यांचाच नियम होता. पाटीलबाई म्हणाल्या, "बघा, आमच्या बादल्या परत करीत व्हत्या!" आपा हसल्या. मी तिथंच बसले होते. बोलले असते तर वाफा जात होता. मी बोलले नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी मला गाठलं. "सातशे वीस तू द्यायचे. फुकटची दया मला जमत नाही. महिन्याला पन्नास." त्यानंतर दर एक तारखेला मी पन्नासची नोट घेऊन जायचे. त्या चहा करायच्या, नोट कॅलेंडरमागच्या पाकिटात ठेवायच्या आणि तारखेवर बारीक टिकली करायच्या. मी एकदा म्हणाले, "आपा, मी सांगून टाकते सगळ्यांना." त्या म्हणाल्या, "तुझं कच्चं वर्ष भरू दे. मग सांग, नको सांगू, तुझी मर्जी. पण बादलीला नाक लावायला शिक. नर्स लाजली की पेशंट मरतो." वर्ष भरलं तरी मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू... दहा टिकल्या झाल्या होत्या. अकराव्या महिन्यात त्या गेल्या.

जनाज्याच्या दिवशी त्यांचा भाचा बागेत येऊन हात जोडून म्हणाला होता, "आपाकडं कुणाचं काही येणं असेल तर सांगा, आम्ही देऊन टाकू." त्यांच्यात तशी रीत आहे. कुणाचंच काही नव्हतं. आपांचं कुणाकडं काही आहे का, हे त्यानं विचारलं नाही.

महिन्याभरानं मीटिंग झाली. साळवे सर म्हणाले, फाटकावर आपांच्या नावाची पाटी लावू. सगळे हो म्हणाले. पाटीलबाई म्हणाल्या, "लावा की. बाई लई कडक, पण सरळ. फक्त खाली लिवा, यांनीबी एकदा फिनेल घातलं व्हतं." सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते, आठवणीचं हसणं होतं. पण मी उभी राहिले. कधी उभी राहिले ते मला कळलं नाही.

"ते पाणी मी घातलं होतं," मी म्हणाले. "पाळी त्यांची होती, पण घातलं मी."

साळवे सरांनी चष्मा काढला. "म्हणजे आपा खोटं बोलल्या?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. याच प्रश्नाला भिऊन मी इतके दिवस गप्प होते असं मी स्वतःला सांगायचे. चूक पुसायला गेले तर त्यांच्या नावापुढं खोटं लागणार. पण तेवढंच नव्हतं. मला वाफाही हवा होता.

"व्हय," मी म्हणाले. "माझ्यासाठी."

सरांनी वही उघडली आणि कच्च्या वर्षाचा नियम मोठ्यानं वाचला. आपांचंच अक्षर, त्यांच्याच आवाजात वाचल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, वाफा घ्या. तेव्हा पाटीलबाईच ओरडल्या, "वाफा घ्या म्हनं! अन् सहाला उठून गाडा कोन ढकलनार, माझे गुडघे? तिला आजपासनं परत कच्चं करा. वर्षभर. नियम बी राहिला अन् पानी बी आलं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "माझी मेथी जाळलीस गं बये. अन् मागनं माझ्याच घरी तुझ्या मेथीच्या जुड्या आनून दिल्यास!" आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. मेथीसाठी की आपांसाठी, ते कळलं नाही. माझे डोळे कोरडेच होते.

वहीतलं पान फाडता येत नाही. सर म्हणाले, खाली लिही. मी चुकांच्या पानावर, आपांच्या ओळीखाली, लिहिलं: हे पाणी मी घातले. सुमन. ओळ खाली घसरली. किल्ल्यांच्या खिळ्याला आपांचा जर्मनचा मग टांगलेला होता. सरांनी तो काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, उद्यापासून वास प्रत्येक दारात घ्यायचा. आता मी घेते. कोपऱ्यावरची बाई दारात उभी असली तरी घेते.

दोनशे वीस रुपये राहिले होते. आपांचं घर बंद आहे, भाचा परगावी. धाकटी बहीण करमाडला असते म्हणून मागच्या मंगळवारी मी जालना रोडची बस धरली. एकटीनं एवढ्या लांब मी कधी गेले नव्हते. पत्ता विचारत विचारत पोचले. दारात शेळीसाठी धुवणाची बादली ठेवली होती. मी दार वाजवायच्या आधी वाकून वास घेतला, सवयीनं. आतून बाई बाहेर आल्या, आपांसारख्याच उंच. म्हणाल्या, "क्या देखती गे? आपा बी आली की पहिलं हेच करायची."

चहा झाला. मी सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "मेरी आपा झूठ बोली? सच्ची?" आणि मग हसल्या, पुष्कळ वेळ, ओढणी तोंडाला लावून. मी नोटा पुढं केल्या. "नक्को गे, राहू दे. ती गेली, आता कसले पैसे." मी म्हणाले, "फुकटची दया मला जमत नाही." त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, नोटा घेतल्या, शंभर, शंभर, वीस, मोजल्या आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवल्या.

आज एक तारीख आहे. सकाळी मी सवयीनं पन्नासची नोट बाजूला काढली, मग परत डब्यात ठेवली. सातशे वीस पूर्ण झाले. आता आपांचं माझ्याकडं काही येणं नाही.