चिठ्ठीवर नसलेला दमा

माझी पहिली नोकरी औषधांच्या चिठ्ठ्या लावण्याची होती. सत्तरचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. धामणकर नाक्याजवळच्या काही कारखानदारांनी मिळून कामगारांसाठी एक औषध-फंड काढला होता. कामगारानं फंडाच्या दवाखान्यात जायचं, तिथल्या डॉक्टरनं चिठ्ठी लिहायची, ठरलेल्या दुकानदारानं त्या चिठ्ठीवर औषध द्यायचं आणि महिनाअखेरीला सगळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आमच्या ऑफिसात पाठवायचा. त्याचं बिल फंड चुकतं करायचा. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, अक्षर बरं होतं, आणि पोरगी गुपचूप काम करते असा माझ्याबद्दल कुणीतरी गैरसमज करून दिला होता. म्हणून मला घेतलं.

बिलं फुगायला लागली तशी फंडानं मुंबईहून एक तरुण डॉक्टर आणला. तो दवाखान्यात बसायचा नाही, आमच्या ऑफिसात बसायचा. माणसाला विचारलं की तो मनाला येईल ते सांगतो, पण चिठ्ठ्या नीट लावल्या की कोण कुठलं औषध कधी घेतो आणि कधी सोडतो हे आपोआप दिसतं, असं त्याचं म्हणणं. आता म्हणे हे काम यंत्रं करतात. तेव्हा ते मी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत करायचे. आधी कारखान्याप्रमाणे, मग नावाप्रमाणे, मग औषधाप्रमाणे. खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायचं. ह्याला जुलाब, त्याला खरूज, सगळ्या नाक्याची दुखणी माझ्या टेबलावर. मी जरा तोऱ्यातच असायचे.

एका माणसाची चिठ्ठी मात्र माझ्या डब्यात कधी आली नाही. माझ्या बाबाची. आणि त्याला तर दमा होता.

बाबा खारबावकडच्या आमच्या गावाहून यंत्रमागावर कामाला आला होता. एका शेडमधून त्याला धाप लागते म्हणून काढलं होतं. दमेकरी माणूस मधेच बसला की चालते माग बंद पडतात, म्हणून मुकादम अशांना ठेवत नसत. दुसऱ्या शेडमध्ये लागल्यावर बाबानं धडा घेतला आणि दवाखान्याची पायरीच चढला नाही. त्याच्या शेजारच्या मागावर उत्तरेकडचा एक कारागीर होता, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. चाचा धडधाकट होता. तो स्वतःच्या नावावर दम्याच्या गोळ्या घ्यायचा आणि बाबाच्या हातात ठेवायचा.

चाचाला त्याची भीती नव्हती, कारण त्या शेडमधली निम्मी पोरं दमा नसताना त्याच गोळ्या घेत होती. तेव्हा दम्यावर जी पांढरी गोळी मिळायची तिनं छाती मोकळी व्हायची आणि झोपही उडायची. डबल ड्युटी करणारी पोरं ती घेऊन रात्रभर मागावर उभी राहायची. दवाखान्यातला डॉक्टर मान वर न करता लिहून द्यायचा. मुकादमाला सगळं ठाऊक होतं, तो हसायचा. पण बाबा डबल करत नव्हता. त्यानं ती गोळी मागितली असती तर मुकादमानं त्याला तिथल्या तिथे ओळखलं असतं. त्या शेडमध्ये खोटा दमा चालत होता, खरा चालत नव्हता.

मुंबईच्या डॉक्टरला ते डबे बघून आधी भलताच आनंद झाला. कापसाच्या धुळीनं अख्ख्या शेडला दमा झालाय असं त्याला वाटलं. ह्यावर आपण लेख लिहिणार, असं तो चहा पिता पिता मला सांगायचा. मी मूग गिळून बसायचे. मग एक दिवस त्यानं त्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावायला सांगितल्या. मी लावल्या. रातपाळीच्या आठवड्यात ढीग वाढायचा, दिवसपाळी आली की ओसरायचा.

"शिफ्ट बघून येणारा दमा मी कॉलेजात शिकलो नव्हतो," तो म्हणाला.

त्याचं चुकलं नव्हतं. पोरं ती गोळी घेऊन दिवसरात्र राबत होती, एकदोघांचे हात थरथरायला लागले होते. त्यानं फंडाला सांगून त्या शेडच्या गोळ्या बंद करवल्या. ज्याला पाहिजे त्यानं छाती तपासून घ्यावी, दमा निघाला तरच गोळी मिळेल. बाजारातल्या दुकानदारांनाही निरोप गेला, तेही फंडाचीच चिठ्ठी मागायला लागले. माझी पाचावर धारण बसली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "त्या शेडमध्ये एकाला खरंच दमा आहे," मी म्हणाले.

"नाव सांगा, चिठ्ठ्या बघू."

"चिठ्ठ्या नाहीत. माझे वडील आहेत."

त्यानं पेन खाली ठेवलं. "रविवारी दवाखान्यात घेऊन या. मी स्वतः तपासतो आणि लिहून देतो."

"त्यांचं नाव शेठकडे जाईल का?"

"फंड शेठ लोकांचाच आहे, बाई. यादी तर त्यांच्याकडे जाणारच."

घरी सांगितलं तर बाबानं ताटावरून हात काढला. "नाव गेलं तं माग गेला. मंग काय खाशील, कागद?" तेवढ्यात चाचा आला. तोही तपासून घ्यायला गेला होता, बाबासाठी गोळी मिळतेय का बघायला. "हमारी छाती साफ निकली, भाभी," तो आईला म्हणाला. आपली छाती चांगली निघाली म्हणून मान खाली घालणारा माणूस मी तेव्हाच पाहिला.

उरलेल्या गोळ्या बाबा अर्ध्या करून घ्यायला लागला. मी एकदा कल्याणला जाऊन एका दुकानदाराच्या हातापाया पडून थोड्या आणल्या, पुढच्या खेपेला त्यानं हाकलून दिलं. बाबा भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. आई त्याच्या पाठीला तेल चोळायची आणि मी मनात त्याला शिव्या घालायचे. एवढा हट्ट कशाला, माग गेला तर जाऊ दे, मी कमावते आहे. हे एकदा तोंडावर बोलले. शनिवारी तो मला म्हणाला, "उंद्या येतो तुज्या डाक्टरकडं."

रविवारी त्यानं धुतलेला शर्ट घातला. दवाखान्यात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आणि नेमकी त्या सकाळी त्याची छाती मोकळी होती. दम्याचं हे असंच असतं, येतो तेव्हा जीव घ्यायला उठतो आणि नसतो तेव्हा मागमूस ठेवत नाही. डॉक्टरनं पुढून ऐकलं, मागून ऐकलं, जोरानं श्वास घ्यायला लावला.

"किती वर्षं त्रास आहे?"

"लय वर्सं हाय, सायब."

"इतक्या वर्षांत एकही चिठ्ठी नाही? फंड तर फुकट औषध देतो." मग तो माझ्याकडे वळला. "चिठ्ठ्या तुम्हीच लावल्यात. मी काय समजायचं?"

"दुसऱ्याच्या नावावर घ्यायचे ते," मी म्हणाले.

"कुणाच्या?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलला. "कुनाच्या न्हाय, सायब. पोरगी खोटं बोलते."

मला डॉक्टरसमोर थोबाडीत बसल्यासारखं झालं. डॉक्टर चिडला नाही. समजुतीच्या आवाजात म्हणाला, "धाप लागेल तेव्हा या, तेव्हा ऐकू." त्याचे दोन महिने अशाच लोकांना पकडण्यात गेले होते. ज्याच्या नावावर दम्याची एक गोळी नाही, त्याला दमा आहे हे त्यानं कशाच्या जोरावर मानायचं होतं? त्याच्या लेखी बाबाचं दुखणं त्या रविवारपासून सुरू होत होतं, आणि त्या रविवारी तर छाती साफ होती.

घरी येताना मी बाबाशी बोलले नाही. नाक्यापाशी तोच म्हणाला, "त्याचं नाव घेतलं असतं तं त्याला काडला असता. त्याचं पन पोट हाय त्या मागावर." मी रागानं पुढे निघून गेले.

पुढच्या आठवड्यात बाबाला रातपाळी लागली. एका सकाळी पाळी सुटायच्या वेळेला चाचा आणि आणखी तिघं त्याला हातगाडीवरून घेऊन आले. त्याला मागापाशी धाप लागली होती. मागांच्या खडखडाटात शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही. चाचाचा माग ताण्याचा धागा तुटून बंद पडला, त्यानं मान वळवली तेव्हा बाबा खाली बसलेला दिसला. अंगणातल्या नळापर्यंत आणेस्तोवर सगळं आटोपलं होतं. चाचा आमच्या दारात बसून राहिला. आईनं त्याला पाणी दिलं आणि मग ती आत जाऊन रडली.

मी डॉक्टरवर राग धरावा असं पुष्कळांनी सुचवलं. मला ते जमलं नाही. बाबाचा राग यायचा, पण मेलेल्या माणसावर तो किती दिवस धरणार? मुकादमाचा मात्र अजून येतो. तो दहाव्याला येऊन गेला आणि माणूस चांगला होता म्हणाला. आधी कुणी बोललं असतं तर काहीतरी केलं असतं, असंही म्हणाला. मी उठून आत गेले.

नोकरी मी सोडली. माझा जेवणाचा डबा आणि छत्री ऑफिसात राहिली होती ती आणायला गेले, तेव्हा डॉक्टर जागेवर नव्हता. टेबलावर त्याचा फंडाला द्यायचा अहवाल पडला होता. डब्यांतले आकडे त्यात नीट मांडले होते, आणि शेवटी लिहिलं होतं की उपाय लागू पडला असून सदर शेडमध्ये आता दम्याचा एकही रुग्ण उरलेला नाही.

मी ते दोनदा वाचलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या शेडमध्ये दमा होता तो एकालाच.