जचकीवरून आल्यावरचं पाणी

“पाय लागायलाय म्हणती हाताला. डोस्कं न्हाई, पाय! बाई, लवकर चला.”

राणीसावरगावच्या अलीकडच्या एका वाडीतला शेतकरी गंगाखेडच्या दवाखान्याच्या पायरीशी उभा राहून हे सांगत होता. त्यानं बैलसुद्धा सोडले नव्हते, गाडी तशीच जुंपलेली होती. बायको पहाटेपासून अडलेली. गावच्या सुईणीनं हात टेकले होते. मी दवाखान्यातली नर्स, जचक्या करणारी. बाळंतपणाला इकडं जचकी म्हणतात. माझी पिशवी कायम भरलेली असायची, त्यामुळे अडचण पिशवीची नव्हती. अडचण माझा पदर धरून उभी होती. चार वर्षांची, नाव शकू.

डॉक्टरसाहेबांनी मला आधीच बजावलं होतं, “देखो बाई, बच्ची को जचकी पे लेके जाना नको.” त्यांचं काही चुकत नव्हतं. मागच्या एका घरी मी आत गुंतलेली असताना शकूला तहान लागली आणि तिनं रांजणात तांब्या बुडवला. घरच्यांनी बाटला म्हणून रांजण फोडला आणि दवाखान्यात येऊन आरडाओरडा केला. साहेब सभ्य माणूस, पण माझी नेमणूक हंगामी होती. कायम करायचं की नाही, ते परभणीचे मोठे साहेब ठरवणार होते. पोर नेली तर तक्रार वर जाणार. केस सोडली तर तिकडं वाडीत एक बाई मरणार. आणि नोकरी गेली तर आम्हा दोघींना परत जायला घर नव्हतं.

मी मूळची सासवडची. नवरा तापानं गेला तेव्हा शकू रांगत होती. सासूबाई खंबीर. म्हणाल्या, पोर मी बघते, तू पुण्याला जाऊन नर्सिंग शीक. माझं शिक्षण संपलं आणि त्या गेल्या. तेराव्यानंतर दीर म्हणाले, आता तुझं तू बघ. तेवढ्यात कळलं की निजामाच्या मुलखात मराठी बोलणारी नर्स हवी आहे आणि राहायला खोलीही मिळेल. जाऊ म्हणाली, “म्हणजे परदेशातच निघालीस म्हण की!” एक पाटली मोडून तिकिटं काढली, दुसरी अडीनडीला ठेवली. सगळा संसार एका ट्रंकेत मावला, त्यात निम्मं शकूचं.

जाऊ बोलली ते खोटं नव्हतं. हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. तिथं ट्रंक उपसली. शिपायानं एनिम्याची नळी उचलून धरली. “ये क्या है?” मी सांगितलं. त्यानं नळी पटकन खाली ठेवली आणि पुढचं काही न बघता आम्हाला सोडलं. पुढं रुपया वेगळा, दरबारी कागद उर्दूत, महिन्यांची नावंसुद्धा वेगळी. बहमनचा पगार आला म्हणाले, तर बहमन म्हणजे कुठला महिना हे मी साहेबांना विचारलं. ते हसले, मीही हसले. गंगाखेडात आल्यावर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

कारण बाकी हसण्यासारखं काही नव्हतं. जचकीच्या घराला दहा दिवसांचा विटाळ. नर्सला बारा महिने. गावात कुणाकडं ना कुणाकडं पाळणा बांधलेलाच असायचा, त्यामुळे माझा विटाळ फिटायची सोयच नव्हती. आडावर माझी घागर सगळ्यात शेवटी. बाळ रडलं की “नर्सबाई, देवासारख्या आलात,” आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई मला बघून लुगडं सावरून रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायची. गरज सरो, वैद्य मरो. माझं मी सोसलं असतं. पण आळीतल्या मुली शकूला खेळात घेत नव्हत्या. ती पायरीवर बसून त्यांचे सागरगोटे बघायची आणि हातात काही नसताना एकटीच हवेत झेलायची.

संध्याकाळी दिवा लावला की बोलायला माणूस म्हणजे तीच. दवाखान्यातलं सगळं मी तिला सांगायची, नवऱ्याला सांगितलं असतं तसं. ती “हूं” म्हणत म्हणत झोपून जायची. उरलेलं मनातच राहायचं. फार एकटं वाटायचं, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

तर गाडी उभी होती. मी शकूला काखेत मारलं आणि शेजारचं दार वाजवलं. आतल्या वहिनी भल्या होत्या, दारातूनच म्हणाल्या, “ठिवली असती बाई, पण सासूबाईंचं सोवळं हाय.” पुढच्या घरी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या घरानं दार उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. मागं शेतकरी घाबराघुबरा होऊन बैलांना उगीचच शिव्या देत होता.

दवाखान्यासमोर सिद्रामअप्पांचं दुकान होतं, गूळ, तेल, मिठाचं. घर लिंगायत वाण्यांचं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे, सकाळ-संध्याकाळ पूजा. त्यांच्या जेवणावर परक्याची नजर पडलेली चालत नाही असं मी ऐकून होते. मीठ मी तिथूनच घ्यायची, पण दुकानाच्या फळीच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. साधी माणसं मला दारात उभी करत नाहीत, तर इतकी देवाधर्माची काय करणार? ते दार मी विचारातच धरलं नव्हतं.

तिथूनच हाक आली. अप्पांची आई, गिरजामाय, फळीशी येऊन उभी होती.

“नर्सबाई, कवाची बघायलेय, दारं काउन पुजायलीस? पोरगी ठिवायची हाय ना?”

“हो, पण माय, मी जचकीची...”

“तुझी जचकी तू कर. दे ती हिकडं.”

तिनं फळीवरून हात पुढं केले आणि शकूला उचलून घेतलं. शकू रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं म्हातारीच्या गळ्यातली चांदीची लिंगाची डबी धरली आणि माझ्याकडं पाठ केली. मी गाडीत बसले. पोर रडली नाही याचं बरं वाटलं, आणि तितकंच वाईटही वाटलं.

आता केसचं सांगते. मूल डोक्याऐवजी पायाकडून आलं की त्याला आपण पायाळू म्हणतो. पुढं मोठेपणी त्याच्या लाथेनं लोकांची पाठदुखी थांबते म्हणे. पण आधी ते मोठं व्हायला पाहिजे. अशा जचकीत सगळ्यात अवघड काम म्हणजे काही न करणं. पाय दिसतो म्हणून सगळ्यांना तो ओढावासा वाटतो. ओढला की मुलाचे हात वर जातात आणि डोकं अडकतं. सुईण शहाणी होती, तिनं ओढलं नव्हतं. पण बाळंतिणीची सासू माझ्या कानाशी एकसारखी बोलत होती.

“अवो, वढा की!”

“नाही ओढायचं.”

“नुसतं बघायला आलाव व्हय तुमी?”

“हो. थोडा वेळ बघायलाच आलेय.”

खांदे येईपर्यंत मी हात लावला नाही. मग बाळाचे हात एकेक करून सोडवले, मान दिसली तेव्हा डोकं हळूच काढलं. मुलगा निळा पडला होता. तोंड पुसून पाठ चोळली. थोड्या वेळानं तो असा काही ओरडला की बाहेर बापानं बसकण मारली. वार पडली, रक्त थांबलं. तरी मी रात्रभर तिथं थांबले, कारण अशा बाईला नंतर रक्तस्राव होतो. सासूनं मला भाकरी दिली, लांबून. शकू काय खात असेल, हे मनातून जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं मला दुकानासमोर सोडलं. मी सवयीनं रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि हाक मारली, “शकू, चल!”

आतून आवाज आला, “मी जेवायलेय!” एका रात्रीत माझी पोर गंगाखेडची झाली होती.

गिरजामाय बाहेर आली. “आत ये की. उन्हात काउन उभी हायस?”

“माझी अंघोळ व्हायचीय, माय.”

“म्हनून तर पानी तापवलंय.”

चुलीवर हंडा वाफाळत होता. मी म्हटलं, “बरं झालं. विटाळ धुऊन टाकते, मग आत येते.”

म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. “इटाळ? आमच्यात जन्माचा इटाळ धरत न्हाईत, बाई. लेकराच्या अंगाला लिंग लागलं की ते शिवाचं झालं. शिवाचा कसला आलाय इटाळ?”

“मग पाणी?”

“रातभर जागून आलीस. अंग दुखत नसंल व्हय तुझं?”

मी त्यांच्या न्हाणीत बसले आणि तांब्यानं पाणी अंगावर घेत रडले. नवरा गेल्यापासून मी दमले असेन असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

डॉक्टरसाहेबांनी विचारलं, “बच्ची का इंतजाम हुआ?” मी हो म्हटलं. पुढं यथावकाश मला कायम केलं. शकू दिवसभर समोरच असायची, संध्याकाळी घरी येऊन माझ्या सासवडी बोलण्याची नक्कल करून हसायची. आळीतल्या मुली हळूहळू तिच्याशी खेळू लागल्या, कारण अप्पांच्या दुकानात गूळ होता. आळीनं मला मात्र शेवटपर्यंत पायरीवरच ठेवलं. मग एके दिवशी निजामाचं राज्य गेलं आणि परदेश जागच्या जागी देश झाला. आडावर माझी घागर तरीही शेवटीच होती.

पोर घेऊन परगावाहून आलेल्या नव्या नर्सेस मला विचारायच्या, नोकरी घेताना काय चौकशी करावी? मी सांगायची, पगार विचारा, खोली विचारा, पण जचकीवरून आल्यावर पाणी कोण तापवून ठेवील तेही विचारा. आणि एकही दार आपल्या मनानं वगळू नका. त्या माना डोलवायच्या. त्यांना वाटायचं, या म्हाताऱ्या नर्सबाईला अंघोळीचं वेड आहे.

गिरजामाय गेली, शकू सासरी गेली. त्यानंतरही मी बरीच वर्षं जचक्या केल्या. निघताना हंडा चुलीवर चढवून जायची. परत येईपर्यंत पाणी गार झालेलं असायचं.